डिमेन्शिया होऊ नये म्हणून कुठली गोळी सुरू करू?

पत्र: "डॉक्टरताई, माझं वय ५१, सांगलीजवळ एका शाळेत शिकवते. माझी आई गेल्या वर्षी गेली. ७३ व्या वर्षी तिला डिमेन्शिया सुरू झाला, सहा वर्षं केलं तिचं, शेवटी शेवटी मला 'मावशी' म्हणून हाक मारायची. आता मला वर्गातल्या मुलांची नावं पटकन आठवत नाहीत, गॅसवर दूध ठेवून विसरते आणि रात्री मनात येतं की आपलीपण सुरुवात झाली. पुण्याच्या दादाने एक फॉरवर्ड पाठवलाय की १३ कोटी लोकांच्या अभ्यासात असं निघालंय की बाजारात आधीपासून असलेल्या साध्या औषधांनी डिमेन्शियाचा धोका कमी होतो, सूज कमी करणाऱ्या गोळ्या, अँटिबायोटिक, लशी वगैरे. दादा तर रोज एक आयबुप्रोफेन घ्यायलाच लागलाय. वहिनी म्हणते नागिणीची लस घे. शाळेत कुणी म्हणतं शुगरची मेटफॉर्मिन चांगली, कुणी म्हणतं कोलेस्टेरॉलची गोळी. मला शुगर नाही. बीपी आहे थोडं, दोन वर्षांपूर्वी १४८/९२ निघालेलं, त्याची गोळी डोकं जड झालं की घेते. झोप येत नाही म्हणून रात्री सर्दीची गोळी घेते, तीनचार वर्षं झाली, बाकी काही औषध नाही. तर यातली कुठली गोळी सुरू करू?"

अगं, तू मला ताई म्हटलंस म्हणून सरळ अगं-तुगं करतेय, चालवून घे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मीपण तुझ्यासारखीच त्या फॉरवर्डमधल्या औषधांच्या मागे गेले, दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या चार ओळींवर अडकले. तू विचारतेस कुठली गोळी सुरू करू, आणि जी गोळी खरंच रोज घ्यायला हवी ती तू डोकं जड झालं की घेतेस, आणि जी बहुतेक बंद करायला हवी ती मात्र एक दिवस न चुकता घेतेस. बाकी सगळं नंतर, आधी हे.

बीपीपासून सुरू करते. "थोडं बीपी" असं काही नसतं गं. १४८/९२ म्हणजे बीपी आहे. आणि डोकं जड होणं हा बीपीचा मीटर नाही, माझ्या दवाखान्यात १८० बीपी घेऊन हसत खुर्चीवर बसलेली माणसं बघितलीत मी, त्यांना काहीही होत नसतं, तेच तर वाईट आहे. तुमच्याकडे द्राक्षबागा आहेत म्हणून सांगते, ठिबकच्या लाईनमध्ये प्रेशर वाढलं तर मोटरीपाशी काही कळत नाही, पाणी येतंच असतं, पण कुठे ड्रिपर निघून येतो, कुठे नळी फुगते, आणि टोकाची दोन झाडं सुकायला लागल्यावर मालकाच्या लक्षात येतं. मेंदूत तसंच होतं. शरीराच्या वजनाच्या मानाने मेंदू केवढासा, पण ऑक्सिजन जवळजवळ पाचवा हिस्सा तोच ओढतो, आणि तो पोचतो केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांमधून. त्या वर्षानुवर्षं जास्त प्रेशर खाऊन कडक होतात, मग आतल्या आत बारीक बारीक जागा सुकत जातात, कुठला झटका नाही, पॅरालिसिस नाही, काही नाही. माणूस ७० चा झाल्यावर कळतं.

आता पुरावा विचारशील (विचारायलाच हवा, दादाच्या फॉरवर्डला पण). अमेरिकेत स्प्रिंट नावाची एक ट्रायल झाली, ५० च्या पुढची ९,३६१ माणसं, अर्ध्यांचं वरचं बीपी १४० च्या खाली ठेवायचं आणि अर्ध्यांचं १२० च्या खाली, आणि कुणी कुठल्या गटात जायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. २०१९ मध्ये मेंदूबद्दलचा निकाल आला. १२० वाल्या गटात डिमेन्शियाच्या आधीची जी पायरी असते, म्हणजे स्मरणशक्ती टेस्टमध्ये कमी दिसते पण माणूस स्वतःचं सगळं करतो, ती १९ टक्क्यांनी कमी निघाली. पूर्ण डिमेन्शियाचा आकडाही कमी होता पण ट्रायल लवकर थांबवली गेली त्यामुळे तो फरक पक्का म्हणण्याइतका नव्हता, हेपण सांगते, नाहीतर माझ्यात आणि फॉरवर्डमध्ये फरक काय राहिला.

त्याच्यापेक्षा मला आवडली ती चीनमधली. ३२६ खेडी, जवळपास ३४ हजार माणसं, सगळी बीपीवाली, आणि उपचार करणारे कोण तर मोठे स्पेशालिस्ट नाहीत, गावातलेच थोडं ट्रेनिंग दिलेले आरोग्यसेवक, आपल्याकडे उपकेंद्रावर असतात ना साधारण तसे. स्वस्तातल्या गोळ्या, घरी बीपी मोजायचं, मीठ कमी करा म्हणून मागे लागायचं, एवढंच. हे अर्ध्या खेड्यांमध्ये केलं, आणि चार वर्षांनी तिथे डिमेन्शिया १५ टक्के कमी निघाला, उरलेल्या अर्ध्या खेड्यांमध्ये नेहमीसारखे उपचार चालू होते त्यांच्या तुलनेत. हे २०२५ मध्ये छापून आलं. म्हणजे तुझा प्रश्न "आधीपासून असलेलं कुठलं औषध डिमेन्शियाचा धोका कमी करतं" असा असेल तर माझ्याकडे सगळ्यात सरळ उत्तर हे आहे की ते तुझ्या ड्रॉवरमध्ये पडलंय.

आणि ती गोळी बदलायचीपण गरज नाही बहुतेक. कुणी सांगेल मेंदूसाठी अमुकच बीपीची गोळी चांगली, पण बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब २०२० मध्ये मांडला गेला त्यात गोळीच्या जातीने फरक पडलेला दिसला नाही, बीपी खाली आलं का एवढंच महत्त्वाचं दिसलं. वयाचंही सांगते. लंडनच्या सरकारी नोकरांना वर्षानुवर्षं बघत आलेला एक अभ्यास आहे, त्यात ५० व्या वर्षी ज्यांचं वरचं बीपी १३० किंवा जास्त होतं त्यांना पुढे डिमेन्शिया जास्त झाला, ६० किंवा ७० ला बीपी बघितलं तर तो संबंध तसा दिसला नाही. तू ५१ ची आहेस. म्हणून म्हणते, उद्यापासून.

फक्त एक, मी १२० म्हटलं म्हणून स्वतःहून दोन गोळ्या घेऊ नकोस. तुझ्या डॉक्टरांकडे जा, त्यांना खरं सांग की मी गोळी नियमित घेत नव्हते (सगळे पेशंट "घेते ना रोज" म्हणतात आणि मग आम्ही डोस वाढवतो, तो वेगळाच घोळ), आठवडाभर घरी सकाळ संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहून ने. तुझं टार्गेट किती ते ते ठरवतील. उठताना चक्कर आली तर तेही सांग.

आता ती रात्रीची सर्दीची गोळी. तू नाव लिहिलं नाहीस पण झोप आणणारी सर्दीची गोळी म्हटल्यावर बहुतेक क्लोरफेनिरामाइन असणार, पाकिटाच्या मागे बघ. या जातीच्या गोळ्या मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाचं काम अडवतात, आणि गंमत बघ, आठवण साठवायला तेच रसायन लागतं, अल्झायमरच्या (डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार) पेशंटला आम्ही डोनेपेझिल देतो ना ती ते रसायन वाढवण्यासाठीच देतो. म्हणजे एका हाताने नळ बंद करायचा आणि दुसरीकडे पाणी का येत नाही म्हणून विचारायचं असं चाललंय तुझं. सिएटलमध्ये ६५ च्या पुढच्या ३,४३४ माणसांचा अभ्यास २०१५ मध्ये आला, त्यात या तऱ्हेची औषधं तीन वर्षांपेक्षा जास्त रोज घेणाऱ्यांमध्ये डिमेन्शिया जवळपास दीडपट दिसला. २०१९ मध्ये इंग्लंडचा त्याहून मोठा अभ्यास आला, त्यात लघवी आवरायच्या गोळ्या आणि डिप्रेशनच्या जुन्या गोळ्या यांच्याबाबतीत असंच दिसलं पण ॲलर्जीच्या गोळ्यांबाबत नाही दिसलं. म्हणजे तुझ्या गोळीवर डिमेन्शियाचा आरोप सिद्ध झालाय असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी डोक्यात धुकं भरल्यासारखं होणं, नाव जिभेवर येऊन अडणं, हे या गोळीने होतं यात वाद नाही, आणि तू तर सकाळी सातच्या शाळेत जात असशील. तुझ्या "विसरायला लागले" मधला अर्धा भाग कदाचित या पाकिटातून येतोय.

ती बंद करून झोप येणार कशी, तर तेही डॉक्टरांशी बोल. ५१ ला पाळी जायच्या आसपास झोप मोडते, रात्री घाम फुटतो, नावं विसरतात, हे किती बायकांना होतं आणि किती कमी बायका सांगतात. आणि कृपा करून तिच्या जागी मेडिकलवाल्याकडून अल्प्राझोलामसारखी झोप आणणारी गोळी आणू नकोस, ती सवय सोडवणं महाकठीण.

आता फॉरवर्डकडे येते. तो पूर्ण खोटा नाहीये, म्हणूनच जास्त त्रासदायक. केंब्रिज आणि एक्सेटर विद्यापीठातल्या लोकांनी जानेवारी २०२५ मध्ये १४ अभ्यास एकत्र करून बघितले, त्यात मिळून १३ कोटींच्या वर माणसं आणि १० लाख डिमेन्शियाचे पेशंट होते. अँटिबायोटिक, व्हायरसवरची औषधं, लशी आणि आयबुप्रोफेनसारख्या सूज कमी करणाऱ्या गोळ्या ज्यांच्या रेकॉर्डमध्ये होत्या त्यांच्यात डिमेन्शिया कमी दिसला. हे बरोबर. पण ही सगळी दवाखान्यांची रेकॉर्डं आहेत, कुणाला मुद्दाम गोळी देऊन बघितलेली नाही, आणि म्हणून डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कुणी आपल्या औषधांत बदल करू नये हे अभ्यास करणाऱ्यांनीच सांगितलंय. ते वाक्य फॉरवर्डमध्ये येत नाही, कसं येईल.

याच्यात काय फसगत होते ते तुझ्या शाळेतलंच उदाहरण घेऊन सांगते. समज तू बघितलंस की ज्या मुलांकडे नवी कंपासपेटी आहे त्यांना गणितात जास्त मार्क पडतात. म्हणून तू सगळ्यांना कंपासपेट्या वाटशील का? पेटी असलेल्या घरात बाकी बरंच काही असतं. तसंच, जी बाई कोलेस्टेरॉलची गोळी वीस वर्षं न चुकता घेते ती चालायलाही जाते, तपासण्या करते, तिच्याकडे पैसे आहेत, तिला विचारणारं कुणीतरी घरात आहे. उलटंपण होतं. डिमेन्शिया कळायच्या १५-२० वर्षं आधीपासून मेंदूत बदल सुरू झालेले असतात, तेव्हा माणूस गप्प होतो, चिडतो, दवाखान्यात जायचं टाळतो, औषधं कमी घेतो, आणि मग रेकॉर्डमध्ये असं दिसतं की औषध न घेणाऱ्यांना डिमेन्शिया झाला.

आणि याची किंमत मोजून झालीय, बायकांनी मोजलीय. पाळी गेल्यानंतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना अल्झायमर कमी होतो असं अशाच रेकॉर्डमध्ये वर्षानुवर्षं दिसत होतं, आणि बऱ्याच डॉक्टरांचा विश्वास बसला होता. मग अमेरिकेत ६५ च्या पुढच्या ४,५०० बायकांवर नीट ट्रायल केली, अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना खोटी. २००३ मध्ये निकाल आला. खरी गोळी घेणाऱ्यांमध्ये डिमेन्शिया दुप्पट. (पाळी जायच्या त्रासासाठी पन्नाशीत थोड्या काळासाठी जे हार्मोन देतात तो विषय वेगळा, त्यावरून घाबरू नकोस.)

दादाच्या आयबुप्रोफेनचंही असंच झालंय. रेकॉर्डमध्ये छान दिसत होतं म्हणून घरात अल्झायमरचा इतिहास असलेल्या माणसांना नेप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या त्याच घराण्यातल्या गोळ्या देऊन ट्रायल सुरू केली, २००४ च्या डिसेंबरमध्ये हृदयाला धोका दिसतोय म्हणून गोळ्या थांबवल्या, आणि मेंदूला फायदा काही मिळाला नाही. ॲस्पिरिन तर १९ हजार म्हाताऱ्या माणसांना रोज देऊन बघितली ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत, २०१८ ला निकाल, डिमेन्शियात काही फरक नाही, रक्तस्राव मात्र जास्त. रोज पेनकिलर घेऊन किडनी घालवून बसलेली माणसं मी स्वतः डायलिसिसला पाठवलीत, गुडघा दुखतो म्हणून घेत होती बिचारी, त्यांना कारण तरी होतं. आणि दादाला बीपी असेल तर ही गोळी बीपी वाढवते, वर बीपीच्या गोळीचा गुणपण कमी करते. आई तुम्हा दोघांची होती, भीती त्यालाही वाटत असणार, म्हणून रागावू नकोस, पण आजच फोन कर.

बाकीच्यांचं पटापट सांगते. मेटफॉर्मिन, तुला शुगर नाही तर विषय संपला, आणि ती गोळी बी १२ कमी करते, आपल्याकडे शाकाहारी घरांमध्ये ते आधीच तळाला असतं. कोलेस्टेरॉलची गोळी, २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या कमिशनने डिमेन्शियाची जी १४ टाळता येण्यासारखी कारणं सांगितली त्यात मधल्या वयातलं वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल पहिल्यांदाच आलं, पण वयस्क माणसांना स्टॅटिन (म्हणजे हीच कोलेस्टेरॉलची गोळी) देऊन केलेल्या दोन मोठ्या ट्रायलमध्ये मेंदूला फरक दिसला नव्हता. तर रक्तातलं कोलेस्टेरॉल तपासून घे, हृदयासाठी लागत असेल तर घे, नुसती मेंदूसाठी नको. ते वजन कमी करायचं सेमाग्लुटाइड, त्याची गोळी सुरुवातीच्या अल्झायमरच्या पेशंटना देऊन बघितली, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीनेच सांगितलं की आजार पुढे जायचा थांबला नाही. गिंको नावाच्या झाडाच्या पानांपासून केलेल्या कॅप्सूल कुणी देईल, ३,००० वर माणसांवर केलेली ट्रायल २००८ मध्ये आली, काही उपयोग नाही. आणि व्हायग्रा! हो, २०२१ मध्ये व्हायग्रावाल्यांना अल्झायमर ६९ टक्के कमी अशी बातमी जगभर फिरली, पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने तेच तपासलं तर काहीच सापडलं नाही. ती बातमी मला किती काकांनी पाठवली होती विचारू नकोस.

वहिनीचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. नागिणीच्या लशीचा पुरावा रेकॉर्डमधलाच आहे पण वेगळ्या तऱ्हेचा, मला तो वाचून मजा आली होती. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये १ सप्टेंबर २०१३ ला ही लस द्यायला सुरुवात केली आणि नियम असा केला की २ सप्टेंबर १९३३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना मिळेल, त्याच्या आधीच्यांना कधीच नाही. आता १ सप्टेंबरला जन्मलेली आजी आणि २ सप्टेंबरला जन्मलेली आजी, यांच्यात दुसरा काय फरक असणार, ना पैशाचा, ना तब्येतीचा, ना कंपासपेटीचा. फक्त एकीच्या गटात जवळपास निम्म्यांनी लस घेतली आणि दुसरीच्या गटात कुणीच नाही. सात वर्षांनी बघितलं तर लस घेतलेल्यांमध्ये डिमेन्शिया २० टक्के कमी, बायकांमध्ये जास्तच फरक. नियम करणाऱ्याने नकळत चिठ्ठ्या टाकल्यासारखं झालं ते. कदाचित नागिणीचा व्हायरस, जो लहानपणच्या कांजण्यांपासून आपल्या नसांमध्ये दबा धरून बसलेला असतो, तो वरचेवर डोकं काढतो आणि मेंदूत सूज ठेवतो, लस त्याला दाबते, असा एक तर्क आहे.

पण वेल्सची ती लस जुनी होती, आता आपल्याकडे २०२३ पासून मिळते ती शिंग्रिक्स वेगळ्या पद्धतीची आहे, दोन डोस, २ ते ६ महिन्यांच्या अंतराने, ५० च्या पुढच्यांना. जुनीच्या तुलनेत नवी उलट बरी दिसते असा एक अभ्यास आलाय, पण तीही रेकॉर्डचीच गोष्ट. स्वस्त अजिबात नाही, आणि एकदोन दिवस दंड ठणकतो, ताप येतो. माझं मत विचारशील तर, परवडत असेल तर नागिणीसाठी म्हणून घे. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो असं गावाकडे म्हणतात ते खोटं आहे, पण नंतर महिनोनमहिने जी आग राहते ती मी पेशंटच्या डोळ्यांत बघितलीय. डिमेन्शियाचं मिळालं तर वरकड.

राहिली तुझी भीती. आईला ७३ ला झालं, चाळिशी-पन्नाशीत नाही, म्हणजे तो घराण्यात हमखास उतरणारा क्वचितचा प्रकार दिसत नाही. तुला धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असेल, पण तेवढंच. आणि आईचं सहा वर्षं केलंस, तिला जाऊन वर्षच झालंय, रात्री जागतेस, बीपी मोकाट, वर ती गोळी, या अवस्थेत दूध उतू जाणारच गं, मी तर यातलं काही नसताना घालवते. विसरलेलं नाव संध्याकाळी आपोआप आठवत असेल तर फार काळजी करू नकोस. रोजच्या वाटेवर चुकलीस, किंवा तोच प्रश्न परत परत विचारतेस असं घरचे म्हणायला लागले तर मात्र न्यूरोलॉजिस्टला दाखव. आत्ता बी १२ आणि थायरॉईड तपास, दोन्हींपैकी एक जरी कमी असलं तरी विसरायला होतं आणि दोन्हीवर औषध आहे. ऐकायला कमी येत असेल तर कानपण तपास, त्या १४ कारणांमध्ये बहिरेपण बरंच वर आहे आणि आपल्याकडे मशीन लावायची लाज वाटते म्हणून कुणी बघत नाही.

बीपीची गोळी ड्रॉवरमधून काढून चहाच्या डब्याशेजारी ठेव, चहा तू विसरणार नाहीस. तीन महिन्यांनी ती वही घेऊन मला परत लिही, आकडे लिही, "बरं आहे" असं नको. आणि हे सगळं दादाला पाठवलंस तरी चालेल, नाहीतरी तो फॉरवर्ड वाचतोच.